इंदूमावशीचा खारा पेढा

"तोंड उघड बघू," असं म्हणत इंदूमावशी माझ्या तोंडाला नाक लावायची. रोज, बालवाडीच्या दारात, सगळ्या पोरांसमोर. गोळीचा, गुळाचा, बिस्किटाचा वास आला की संपलंच. "कुणी दिलं? नाव सांग," आणि मग त्या देणारीच्या दारात उभी राहून मावशी असं झाडायची की अर्धी शुक्रवार पेठ बाहेर यायची. मला ती वैरीण वाटायची.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी चार वर्षांची होते आणि मला मधुमेह होता. आई रोज सकाळी पितळी भांड्यात सुई उकळायची आणि माझ्या मांडीत टोचायची. एवढ्याशा पोरीला साखरेचा आजार कसा असेल, हे गल्लीत कुणाला पटतच नव्हतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कुणाकुणाच्या प्रेमापोटी माझ्या पोटात इतकं गोड गेलं की मला दवाखान्यात ठेवावं लागलं. मावशी शेजारीण, रक्ताची कुणी नव्हे, पण दवाखान्यात आईबरोबर तीच बसून होती. "प्रेमानं मारायला निघाल्यात लेकराला," म्हणाली, आणि परत आल्यावर आमच्या घरातला साखरेचा डबा आणि गुळाची ढेप तिनं स्वतः उचलून देऊन टाकली. स्वतःच्या घरातलंही काढलं, कारण निम्मा दिवस मी तिच्याकडे असायची. वडिलांना मी दादा म्हणायची; ते गिरणीत कामाला. त्यांना गोड चहा कँटीनमध्येच काय तो मिळायचा.

मावशी अंगानं रुंद आणि उंचीला इतकी बेताची की फळ्याच्या वरच्या भागाला तिचा खडू कधी लागलाच नाही. बालवाडी तिच्या बाहेरच्या खोलीत भरे. मधल्या सुट्टीत खाऊ असायचा तो तिच्या हातचा खारा पेढा. भाजून सोललेल्या शेंगा आणि डाळं उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं, मीठ-जिरं टाकायचं आणि वळायचं. "गूळ कशाला पायजे? शेंगच शेंगंला धरती की," असं ती म्हणायची. पेढ्याला चिमटे काढून कधी पोपट करायची, कधी मासा. एका बाईनं तक्रार केली की आमच्या धडधाकट पोरानं हा खारट खाऊ का खावा? मावशीनं तिला पोपटच खायला दिला. "एकीलाच येगळं दिलं की ती आजारी हुती. समद्यांला दिलं की त्यो खाऊ हुतो," म्हणाली. बाई पोपट खाऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी कृती विचारायला आली.

त्या वर्षी पाडव्याला गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात साखरेचा हार होता. मावशीनं माझ्यासाठी भाजलेल्या शेंगा दोऱ्यात ओवल्या होत्या. साखरेचा हार आमच्याकडे एकच, गुढीला बांधलेला, कारण त्यावाचून गुढी कशी उभारणार? दादा रात्रपाळीला होते. येतीलच आता, म्हणून आईनं नेहमीच्या वेळी मला सुई दिली. पूजेआधी कडुलिंबाच्या पानाशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज. पण बदलीचा माणूस न आल्यानं दादा गिरणीतच अडकले. दारात गुढी उभारलेली, नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं, आणि आई दारात जाऊन रस्ता बघतेय.

मग मी बिथरले. शेंगांचा हार तोडून फेकला, साखरेचाच पाहिजे म्हणून किंचाळले. आईनं पाठीत धपाटा घातला. मावशीही ओट्यावरून ओरडली, "हारासाठी नाटकं करती गं! बगू नगंस तिच्याकडं." पुढचं मला नीट आठवत नाही, आईनं सांगितलेलं आहे. मी एकदम गप्प झाले आणि उंबऱ्यावरच कलंडले. मावशीनं येऊन सवयीनं तोंड हुंगलं, मग मानेला हात लावला. मान घामानं थबथबलेली आणि गार.

"सुई दिलीस? खायाला काय दिलंस?"

"पूजा व्हायचीय की अजून."

"गोड आण! साखर आण आदी!"

आईला वाटलं, हिचं डोकं फिरलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गोड बंद, ही आईच्या मनात घट्ट बसली. सुईनंतर पोट रिकामं राहिलं आणि पोरीला घाम फुटला तर लगेच साखर द्या, ही घाबरलेल्या आईच्या कानावरून गेली होती; मावशीला ती आत्ता आठवली. आणि घरात साखरेचा कण नव्हता. तो मावशीनंच काढला होता.

"शेजारी बघते," आई म्हणाली.

"तवर ऱ्हाती का ही?"

मावशी गुढीकडे धावली. हार वर, तिचा हात पुरेना. एकदा उडी मारली, दुसऱ्यांदा मारली. मग तिनं दोरी ओरबाडून काढली आणि पूजा न झालेली गुढी काठीसकट खाली ओढली. तांब्या खणखणत गटारापर्यंत गेला. आईनं कानावर हात ठेवले. मावशीनं हार दगडानं ठेचला, बोट ओलं करून साखर माझ्या गालाच्या आत चोळली, पुन्हा चोळली. "गीळ गं बाई. गीळ. मी वैरीण न्हाय गं तुझी."

दादा गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा गुढी जमिनीवर होती आणि मी मावशीच्या मांडीवर. त्यांना काही सांगायच्या आत मी डोळे उघडले आणि म्हणाले, "अजून दे."

मावशी हमसून हमसून रडली. आणि रडता रडताच म्हणाली, "आता बास. आता भाकरी खायची."

संध्याकाळी तिनं स्वतःच साखरेची पुडी आणून आईच्या हाती दिली. "माझंच चुकलं. घरातनं काडाया नगं हुती, पोरीच्या हातातनं काडायची हुती."

पुढच्या पाडव्याला दादांनी गुढी बांधली ती दाराशेजारच्या खिडकीच्या खालच्या गजाला. लोक हसले. गुढी उंच हवी, ही काय रीत? दादा दोरी आवळत एवढंच म्हणाले, "इंदूबाईंचा हात पोचला पायजे."

दरवर्षी ती तिथंच राहिली. पुढं मी मोठी झाले, माझी सुई मीच घेऊ लागले. एका थंडीत मावशी गेली. त्यानंतरच्या पाडव्याला दादा गुढी बांधत होते. मी म्हटलं, "दादा, आता उंच बांधली तरी चालेल की."

त्यांनी त्याच गजाला दोरी आवळली, आणि हार होता त्याहून जरा खाली ओढून घेतला.