हवेतच कडक होणारं पोलाद

दुपारी आमच्या कारखान्यात बाकावर ठेवलेला, पत्रा कापायचा नवा डाय आपोआप तडकला. कुणी हातही लावला नव्हता. नुसता ‘टण्’ असा आवाज आला आणि काळ्या पोलादावर केसाएवढी भेग दिसली.

भट्टीवरच्या मारुतीमामांनी मान खाली घातली. “काल भट्टीतनं काढला, तो परत तापवायचा राहिला, साहेब. साधं पोलाद पाण्यात बुडवलं की चरचरतं, आरडाओरडा करतं, मग कडक होतं. यात क्रोमियम आहे. हे नुसत्या हवेतच कडक होतं, गुपचूप. वाटतं, झालं काम. पण आत ताण राहतो. लगेच पुन्हा थोडी ऊब दिली नाही, तर मागाहून असं होतं.”

मी भेगेवरून बोट फिरवत राहिलो.

माझी बायको गेली तेव्हा थोरली मुलगी ऊर फुटेस्तोवर रडली. सगळे तिलाच धरून बसले, मीसुद्धा. धाकटी रडली नाही. ती आल्यागेल्याला चहा देत होती. तेराव्यानंतर स्वयंपाकघरही तिनंच हातात घेतलं. “पोर घट्ट आहे हो,” नातेवाईक म्हणाले आणि मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. त्याला आता वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत मी तिला एकदाही जवळ घेतलं नाही.

आज लवकर घरी गेलो. दार तिनंच उघडलं.

“बाबा, चहा टाकू?”

आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्याचीच मला भीती वाटली.