लाल बाजू खाली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीट माहीत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. कुवेतमध्ये मिरकाब वस्तीत एका खोलीत आम्ही रत्नागिरीकडचे पाच जण राहत होतो. मी मुंबईत वर्तमानपत्रात काम केलेलं, म्हणून सगळे मला पेपरवाला म्हणत. दाऊदभाई वयाने मोठे, एका कंत्राटदाराकडे कामाला. शहराबाहेर वाळवंटात सैन्याचा सराव झाला होता. न फुटलेले तोफगोळे वाळूत राहिले होते. ते काढणारे येईपर्यंत त्या जागेभोवती लाल रंगवलेले दगड मांडायचे, हे दाऊदभाईंचं काम. जेवताना ते बजावत — लाल दगड दिसला की पुढे पाऊल टाकायचं नाही.

हिवाळ्यात शुक्रवारी आम्ही वाळवंटात मटण शिजवायला जात असू. त्या शुक्रवारी दाऊदभाई आले नव्हते. आमच्या खोलीतल्या हसनमामूंनी गाडीतून मटणाची मोठी डेग उतरवली. "पेपरवाल्या, बातम्या पुरे झाल्या. चुलीला तीन दगड आण."

वाळूत दगड सहज मिळतात का? मी बराच चाललो. मग दिसले — एका रांगेत, एका मापाचे.

त्यांचा रंग अर्धा उडाला होता, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. उडाला होता, हे खरं. उरलेला अर्धा मला दिसला होता — हेही खरं. मी तीन दगड उचलले. चूल मांडताना लाल बाजू खाली केली, कोणी विचारू नये म्हणून. जेवण झाल्यावर परत ठेवणार होतो. पण दगड तापलेले, सगळे गाडीत बसलेले. आगीवर वाळू लोटली, तीच दगडांवरही लोटली.

काही दिवसांनी रांगेतल्या त्या मोकळ्या जागेतून एक मेंढपाळ आत गेला. त्याचा पाय गेला. तीन दगड कमी आहेत, ते मांडलेच नव्हते, असं ठरवून कंत्राटदाराने दाऊदभाईंना कामावरून काढलं.

बोटीवर चढायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. "मी ठेवले होते रे. ठेवले होते ना? की विसरलो?"

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं? एक वाक्य. मी म्हणालो, "माणूस विसरतो, दाऊदभाई."

त्यांनी ते खरं मानलं.

पुष्कळ वर्षांनी त्यांच्या गावी गेलो. जेवायला बसण्याआधी ते गोठ्याची कडी पाहून आले. बसले — परत उठले. भाभी हसल्या. "कुवेतहून आले तेव्हापासून असंच. तुमच्या दोस्ताचा स्वतःवर भरवसाच नाही."

"एकदा विसरलो ना," दाऊदभाई म्हणाले, आणि तिसऱ्यांदा कडी पाहायला गेले.

कडी लागलेली होती. पहिल्या खेपेलाही ती लागलेलीच होती. मी ताटातली मासळी खात राहिलो.