मी खोडलेला राखाडी रंग

कळंबमधल्या आणि अर्नाळ्यातल्या ज्यांनी ज्यांनी आमच्या होड्यांच्या नकाशाचा कोड उचलून आपल्या गावात लावलाय, त्यांनी हे आत्ताच्या आत्ता वाचा. हातातलं काम ठेवा आणि वाचा. बाकीच्यांनाही सांगायचंच आहे, कारण हे सॅव्हियोबद्दल आहे आणि सॅव्हियोबद्दल मी गेले दहा आठवडे कुणाशीच नीट बोललेली नाहीये... बोलायला गेले की एकच ओळ डोळ्यासमोर येते. कोडमधली ओळ. मी खोडलेली.

बातमी आली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. मी नालासोपाऱ्याला आमच्या घरी ऑफिसचं काम संपवून लॅपटॉप मिटत होते. पाचूबंदरवरून, सॅव्हियोच्या कोळीवाड्यातून, त्याच्या चुलतबहिणीचा, रिमाचा फोन आला. "दीपू, रोझलीन सापडली. दुसऱ्या होडीने ओढून आणली. काका आहेत, खलाशी आहे..." सॅव्हियोचं नाव तिने घेतलंच नाही. रोझलीन म्हणजे त्यांची होडी, आजीच्या नावाची. मी म्हटलं, "सापडली म्हणजे? हरवली कधी होती?" खरंच असं विचारलं मी. कारण दुपारी जेवताना मी नकाशा उघडला होता आणि रोझलीन तिथे होती, निळी, वर पिवळा पट्टा, एकदम टवटवीत. मी सॅव्हियोला मेसेजही टाकला होता, "होडी भारी दिसतेय रे." त्यावर एकच टिक आली. रेंज नसेल म्हणून मी सोडून दिलं.

सॅव्हियो आणि मी डिप्लोमाला एका बाकावर बसायचो. कोळ्याचा मुलगा, पण समुद्रावर जायचा तो माणूस कमी पडला तरच. एरवी घरी बसून एका कंपनीच्या वेबसाइट्स सांभाळायचा. नाताळच्या सुट्टीत त्याचा फोन आला, "दीपू, एक येडी आयडिया हाय." गावातल्या होड्या नकाशावर दाखवायच्या. होडीवरचे मोबाइल रेंज मिळाली की आपली जागा पाठवणार, घरच्यांनी फक्त एक पान उघडायचं. पण सगळ्या होड्या सारख्या दिसून कसं चालेल? पाचूबंदरला होडी लांबून ओळखतात ती रंगावरून, ज्याचा त्याचा रंग, बापाकडून आलेला. म्हणून त्याने आधी एक छोटी सर्व्हिस लिहिली. होडीचं एकच चित्र, लिंकच्या पत्त्यात रंगांचे कोड टाकायचे, ते रंग चढून चित्र परत येतं. पहिल्या दिवशी त्याने कडा, काठी, सगळंच एका रंगात बुडवलं. मी म्हटलं, "ही होडी नाहीये, वांगं आहे." तो म्हणतो, "वांगं पन तरंगतं. टेस्ट पास!" मग आम्ही ती एका फुकटच्या सर्व्हरवर चढवली. कुणी वापरत नसलं की तो सर्व्हर झोपायचा आणि उठायला मिनिटभर लावायचा. सॅव्हियो म्हणायचा, आमच्या खलाशाचा भाऊ शोभतो.

त्यात एक गोष्ट होती. तीन तास सिग्नल आला नाही तर होडीचा रंग जाऊन ती राखाडी व्हायची. ही कल्पना त्याचीच. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आम्ही गावातल्या बायकांना नकाशा दाखवला आणि त्याच्या आईचा, आग्नेस मावशीचा चेहराच उतरला. "माझी होडी राखेची कोनी केली?" सॅव्हियो म्हणाला, "आई, रेंज नाय, एवढाच अर्थ." तर ती म्हणते, "अर्थ तू सांगशील घरोघर जाऊन? होडी बाहेर असली की 'नाय आली' असा शब्द आमी तोंडातून काढत नाय. वाटेवर हाय म्हनतो. आनि तू मोबाइलमध्ये सगळ्यांना दाखवतोस, नाय आली, नाय आली!" दुसरी एक जण म्हणाली, "माझ्या नवऱ्याला जिता असताना राखाडी केलास. आता रातचं जेवन करू का नको?" सगळ्या हसल्या, पण एकीनेही पान उघडं ठेवलं नाही.

संध्याकाळी सॅव्हियोचा फोन. "काढ तो राखाडी. ज्याचा त्याचा रंग राहू दे." मी विचारलं, "मग कळणार कसं रे?" तो म्हणाला, "खाली शेवटच्या सिग्नलची वेळ येते ना, बास." मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, घाईत होते. ओळ खोडली, वेळेची अक्षरं जरा बारीक केली म्हणजे चित्र छान दिसेल, आणि चढवून टाकलं. दोन मिनिटांचं काम. बायका खूश. घराघरात पान उघडं राहायला लागलं. आणि त्या दिवसापासून आमचा नकाशा वाईट बातमी द्यायचाच बंद झाला.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागायला आठवडा राहिला होता. वारा फिरला होता आणि दोनातला एक खलाशी तापाने पडला होता, म्हणून सॅव्हियो वडिलांबरोबर गेला. सकाळी जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं. तो कापायला पाण्यात उतरला, लाट आली आणि होडीची मागची बाजू त्याच्या छातीवर बसली. वर घेतला तेव्हा शुद्धीत होता. मोबाइल भिजलेले, इंजिन बंद, होडी वाहत चाललेली... इकडे रिमाने दहाला नकाशा बघितला, मावशीने बाराला, मी दीडला. निळी, पिवळा पट्टा. खाली बारीक अक्षरात सकाळचे सहा चाळीस. कुणीच वाचलं नाही.

सॅव्हियोच्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्याच्या वडिलांनी, जॉन काकांनी मला अंगणात गाठलं. "चार वाजेपर्यंत बोलत होता गं. पानी मागला. मग राखाडी, राखाडी म्हनत हसला. पप्पा, तो राखाडी पायजे होता, म्हनला. मला वाटला ताप डोक्यात गेला. काय असंल ते?"

मी म्हटलं, "माहीत नाही, काका."

असं म्हटलं मी. आणि महिनाभर तसंच राहू दिलं. मग बंदी उठायच्या दोन दिवस आधी कळंबच्या एका तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, सुनेचा मेसेज आला, की तुमचा नकाशा आम्हीपण लावला, अर्नाळ्यालाही दिला, होड्यांचे रंग काय गोड दिसतात! मी तिला लगेच सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "आमच्याकडे पण राखाडी नाही चालणार गं." मी रिक्षा पकडून तशीच पाचूबंदरला गेले आणि काका-मावशी दोघांना समोर बसवून सांगितलं. काका उठून दारात जाऊन उभे राहिले. मावशी म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं?" मी म्हटलं, "ओळ मी खोडली, मावशी." ती म्हणाली, "सांगितला कोनी?" मी लॅपटॉप उघडून ती ओळ तिला दाखवली.

मग तिने विचारलं, "परत टाकलास तर रोझलीन पन राखाडी होईल?" हो, तिचा शेवटचा सिग्नल अजून त्याच सकाळचा होता, सगळ्यात आधी तीच होणार होती. मी म्हटलं, तिला एकटीला वगळता येईल, एवढंच एक नाव. मावशी म्हणाली, "नको. माझी सोडलीस तर सगळ्या येतील, आमची पन सोड म्हनत. कर. हितंच कर, माझ्यासमोर." मी चढवलं. सर्व्हर झोपला होता. ते मिनिट आम्ही दोघी त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसलो... मग चित्र आलं, राखाडी.

होड्या निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी एक राखाडी झाली. मावशीने फोन करून करून दोन होड्या तिकडे वळवायला लावल्या. तांडेल रेंजमध्ये आला तो शिव्या घालतच. "ए आग्नेस, मोबाइल भिजंल म्हनून डब्यात ठेवला, तर आख्खा गाव उठवलास काय?" मावशी म्हणाली, "उठवनार. रोज उठवनार." आता ती पहाटेपासून शेवटची होडी लागेपर्यंत सॅव्हियोच्या खोलीत, त्याच्या खुर्चीवर असते. खुर्ची त्याच्या उंचीला लावलेली आहे, तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, पण ती कुणाला खाली करू देत नाही.

कळंबवाल्यांकडून त्यानंतर काही कळलेलं नाही, राखाडी टाकला की नाही तेही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि तुम्हालाही विचारायचंय... तुमच्या बाबतीत झालंय का असं? कुणाला बघवत नाही म्हणून तुम्ही एखादी गोष्ट गुपचूप पुसून टाकलीत, आणि नेमकी तीच दिसायला हवी होती? झालं असेल, तर मग तुम्ही ते घरच्यांना कसं सांगितलंत?