ग्रोफोर्सला पाणी सोडलं तेव्हा

'तुमचं गाव कुठलं?' असं कुणी विचारलं, की माझी एड्ला आत्या धरणांची नावं सांगायची. आजोबा सुरुंग लावणारे. इंदाल नदीवरचं एक धरण पुरं झालं, की कामगारांच्या लाकडी खोल्या सुट्या करून ट्रकवर चढवायच्या आणि पुढच्या धरणावर पुन्हा उभ्या करायच्या. ज्या खोलीत आत्या जन्मली, त्याच खोलीतून ती पुढे शाळेत जाऊ लागली. मधल्या काळात खोलीच चाळीस किलोमीटर सरकली होती.

सत्त्याहत्तराव्या वर्षी, जुलैतल्या एका सकाळी तिचा फोन आला.

"पेपर वाचलास? आपल्या ग्रोफोर्स धरणाचं टर्बाइन दुरुस्तीला काढलंय. दरवाजे उघडलेत, जुन्या पात्रातून पाणी चाललंय. येतेस ना? गाडी काढलीय."

"आत्या, डॉक्टरांनी तुला एकटीनं गाडी चालवायला बंदी केलीय."

"म्हणून तर तुला विचारतेय. तू मागे बस."

गाडी रुबेन काकांची, म्हणजे तिच्या दिवंगत नवऱ्याची. लाल हुस्कवर्ना मोटरसायकल, माझ्याहून वयानं मोठी. आत्यानं जाकीट चढवलं, पहिल्याच लाथेला इंजिन चालू झालं, आणि मी चाळिशीची शिक्षिका शेपटासारखी तिच्या मागे बसले.

पहिल्या धरणाशी तिचा जन्म झालेला. तिथं आता बर्चची झाडी. आत्या गवतात पाय घासत फिरली आणि एका काँक्रीटच्या पायरीवर उभी राहिली. "हे आमचं दार," म्हणाली. मग पायरीवरून खाली उतरून पुन्हा चढली, आई आत बोलवत असल्यासारखी.

दुसऱ्या धरणाच्या वीजघरात रुबेन काकांनी एकतीस वर्षं यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवली होती. आता तिथं माणूसच नसतो. सगळं दूरच्या शहरातून चालतं. काचेला नाक लावून आत्यानं आत पाहिलं. हिरवी फरशी चकचकीत होती.

"लग्नाआधी मी डबा घेऊन यायचे. आवाज इतका, की बोलणं अशक्य. हा खाणाखुणा करायचा. मला घातलेली मागणीसुद्धा खाणाखुणांनीच."

"म्हणजे काय केलं काकांनी?"

"अंगठी घालायच्या ऐवजी माझ्या बोटाला तारेचा तुकडा गुंडाळला. मला वाटलं, काहीतरी दुरुस्त करतोय."

भिंतीला टेकून आम्ही वेलदोड्याचे पाव खाल्ले. तिथं तिनं गुनब्रिटबद्दल सांगितलं. हे नाव मी आधी कधीच ऐकलं नव्हतं.

ग्रोफोर्सला आत्या अकरा वर्षांची होती. शाळेत तिच्या बाकावर बसायची ती गुनब्रिट, तिथल्याच एका शेतघरातली. खडकांवरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज त्या घरात रात्रंदिवस भरून असायचा. सगळेच जरा मोठ्यानं बोलायचे. धरण पुरं झालं आणि एका रविवारी दरवाजे खाली सोडून बंद केले. गाव काठावर जमलं होतं. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग थांबला.

"इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती," आत्या म्हणाली. "गुनब्रिटची आजी भर गर्दीत ओरडत होती, 'मी बहिरी झाले, बहिरी झाले!' वर पाणी चढलं, त्यांचं कुरण बुडालं. सोमवारी गुनब्रिट दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या महिन्यात आमची खोली ट्रकवर चढली."

"ती अजून तिथं राहते?"

"राहते. टेलिफोन डिरेक्टरीत नाव आहे." आत्यानं हातावरची साखर झटकली. "दर वर्षी बघते."

ग्रोफोर्सला एका पिवळ्या घराच्या दारात उभी असलेली बाई काठी टेकून आमच्याकडे बघत होती. आत्यानं हेल्मेट काढलं.

"कोण पाहिजे?"

"मी एड्ला. सुरुंगवाल्याची."

"तुझ्या बापानं आमचं कुरण बुडवलं," गुनब्रिट म्हणाली.

"हो."

"नुसतं नाव सांगून जातेस की कॉफी घेतेस?"

आत जाऊन तिनं किटली लावली. "साठाहून जास्त वर्षं तुमच्याच विजेवर कॉफी करतेय," ती पाठमोरी म्हणाली. "चव काही वाईट नाही."

"पाणी बघून आलीस?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"दोन आठवडे झाले सोडून! खिडकीतून आवाज येतोय!"

"गुडघा दुखतो." मग थोड्या वेळानं, "गुडघा नाही दुखत. आजी नाही ना ऐकायला. मी एकटीनं काय ऐकायचं?"

आत्या उठली, माझं हेल्मेट गुनब्रिटच्या हातात दिलं. "चल. ही चालत येईल."

"तू चालवणार? या वयात?"

"बस तर खरी. बाक बदललास तेव्हा भीती वाटली नव्हती."

गुनब्रिटनं आमच्याकडच्या बायका होकार देताना करतात तसा श्वास आत ओढून "हं" केलं आणि खरंच बसली. मी दोन किलोमीटर चालत गेले. पोचले तेव्हा दोघी कठड्याला टेकून उभ्या होत्या. पांढरं पाणी खडकांवर आदळत होतं, तुषारांनी दोघींचे चष्मे आंधळे झाले होते. गुनब्रिट आत्याच्या कानात ओरडून काहीतरी सांगत होती, आत्या मान हलवत होती. मला एकही शब्द कळला नाही, आणि परत येताना मी विचारलंही नाही.

सप्टेंबरात टर्बाइन दुरुस्त होऊन दरवाजे बंद झाले. त्या दिवशी मी आत्याकडे होते. गुनब्रिटचा फोन आला. आत्यानं नुसतं ऐकून घेतलं.

"थांबला का गं आवाज?" ती अखेर म्हणाली. मग खुर्ची ओढून नीट बसली. "बरं, यंदा दलदलीतली बेरी किती निघाली ते सांग."

तासभर बोलत होत्या, दोघीही जरा मोठ्यानंच.