कोपर आत

आमच्या जिमखान्याचे सर कुणालाही भेटले की आधी त्याच्या कोपराकडे बघायचे, चेहऱ्याकडे नंतर. मी कॉलेजच्या ऑफिसात लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मी बोनाफाईडच्या गठ्ठ्यावर शिक्के मारत होते. थोडा वेळ त्यांनी माझा उजवा हात न्याहाळला आणि म्हणाले, "कोपर आत, मॅडम. बाहेर गेलं की शिक्का वाकडा पडतो." मला राग आला. ते गेल्यावर मी कोपर आत घेऊन एक शिक्का मारून बघितला. सरळ पडला. त्याचा आणखी राग आला.

तुमच्याही कॉलेजात असे एक सर असतील. बारा महिने ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि स्टाफरूममध्ये कुणी फारसं हिशेबात न धरलेले. आमच्या सरांची आणखी एक गंमत म्हणजे बास्केटबॉलचा माणूस असून ते उंचीने माझ्या खांद्याला लागत. कॅन्टीनवाला चहा ओतत असला तरी त्याला "कोपर आत". सव्वीस जानेवारीला प्राचार्य झेंड्याची दोरी ओढत होते, तेव्हाही मागून हळूच तेच. प्राचार्यांनी आत घेतलं, हे मी स्वतः पाहिलं.

राहायला ते ठाण्यात, चेंदणी कोळीवाड्यात. वडील खाडीत मासेमारी करायचे. सरांनी होडी सोडली, पण जाळं विणणं सोडलं नाही. रिंगेला लावायची जाळी ते कधी विकत आणत नसत. दर पावसाळ्यात जिमखान्याच्या खोलीत नायलॉनचा दोरा घेऊन बसायचे आणि नवी जाळी विणायचे. शेवटची एक गाठ मात्र मोकळी ठेवायची. त्या वर्षी टीममध्ये जी नवी मुलगी येईल तिने ती मारायची, मग जाळी रिंगेवर चढायची. हा त्यांचा नियम. त्या मुलीला कोळ्याची गाठ शिकवण्यात ते एक अख्खी दुपार घालवत.

आता टीम म्हणजे काय, तेही सांगते. पाच मुली खेळायला लागतात आणि आमच्याकडे बरोबर पाच असायच्या. बाकावर पाण्याच्या बाटल्या आणि सर. एखादीच्या पायात गोळा आला तर सर देवाचं नाव घ्यायचे. कितीतरी वर्षांत आम्ही पहिली फेरी ओलांडली नव्हती. ठाण्यातच, माजिवड्याच्या बाजूला आमचं कॉलेज, इमारतीच्या मागे सिमेंटचं ते कोर्ट, आणि संस्थेला दुचाक्यांसाठी जागा हवी होती. शेवटी प्राचार्यांनी सरांना बोलावून स्पष्टच सांगितलं की या वर्षी धड टीम उभी राहिली नाही तर पुढच्या वर्षी तिथे पार्किंग होईल. सर म्हणाले, "होईल टीम. एक पोरगी हाय आपल्याकडं."

ही पोरगी कळव्याची. सरांनी तिला आठवीत असताना शाळेच्या मैदानावर पाहिलं होतं. तेव्हाच ती तिच्या बाईंपेक्षा उंच होती आणि डावखुरी होती. पुढची चार-पाच वर्षं सर दर रविवारी सकाळी कळव्याला जाऊन तिला शिकवत होते. फुकट, अर्थात. तिचे वडील नव्हते. आई एका दवाखान्यात आया होती. सुरुवातीला त्या माऊलीने सरांना विचारलं होतं की यातून होणार काय, आणि सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आधी कोपर आत जाईल, मग बघू.

बारावी झाल्यावर ती आमच्याकडे प्रवेश घ्यायला आली. खेळाडूंच्या कोट्यातून फॉर्म भरला, बारावीचा मूळ दाखला मी स्वतः जमा करून घेतला. त्या दिवशी सरांनी अख्ख्या ऑफिसला मावा केक वाटले. नवी जाळी विणून तयार होती, एका गाठीसाठी थांबलेली. कॉलेज सुरू झालं की ती येऊन मारणार होती.

मग मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजाचे लोक कळव्याला तिच्या घरी जाऊन आले. त्यांच्याकडे लाकडी कोर्ट, होस्टेल, खाणंपिणं, बूट, परगावच्या स्पर्धा. आमच्याकडे सिमेंट आणि सर. मुलीने दोन दिवस जेवण टाकलं, असं तिची आई नंतर म्हणाली. शेवटी आईच गुरुवारी आमच्या ऑफिसात आली, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन. तिकडे प्रवेशाची मुदत शनिवारी दुपारपर्यंत होती, आणि मूळ दाखल्याशिवाय ते घेणार नव्हते. मी तिला जिमखान्याची सही आणायला सांगितलं. थोड्या वेळाने शिपाई अर्ज घेऊन आला. त्यावर सरांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, "हरकत नाही", आणि खाली सही.

इथे आमच्या ऑफिसची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे एखाद्याला काम खरंच व्हावं असं वाटत असेल तर तो कागदाबरोबर स्वतः खिडकीशी येतो. नुसता कागद सही करून शिपायाबरोबर पाठवला, तर समजायचं की माणसाने तोंडदेखलं केलंय, बाकीचं ऑफिसने बघून घ्यावं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आम्ही सगळे याच भाषेत बोलतो. सर आले नाहीत. मी त्याचा अर्थ लावला. सरांना वाईटपणा नको, पण मुलगी जायलाही नको. मी त्यांच्यासाठी एवढं करू शकत होते.

मी आईला सांगितलं की कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे आहे, ते रजेवर आहेत, सोमवारी या. दाखला तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होता, माझ्या डब्याच्या खाली. खिडकीच्या कठड्यावर तिने दोन्ही हात ठेवले होते, ते तसेच थोडा वेळ राहिले, मग गेली. मी लगेच बोनाफाईडचा गठ्ठा ओढला. खरं सांगते, मला तेव्हा आपण चांगलं काम केलं असंच वाटत होतं.

शनिवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच सर दारात उभे होते. बाहेर फाटकाशी रिक्षा थांबवलेली, तिच्यात मायलेकी. मी डोंबिवलीहून येऊन अजून पर्ससुद्धा ठेवली नव्हती. सर म्हणाले, "मी सही केलेली ना?"

"केली होतीत. पण तुम्ही आला नव्हतात," मी म्हटलं.

त्यांना रीत माहीत होतीच, वीस वर्षं तेही याच कॉलेजात होते. मग म्हणाले, "येवत नव्हतं मला, मॅडम. पाय उचलत नव्हता. म्हणून कागद पाठवला."

मी ड्रॉवर उघडला, डबा बाजूला केला आणि दाखला काढून दिला. कपाटातून नाही, ड्रॉवरमधून, हे त्यांनी पाहिलं. दाखला शर्टाच्या आत छातीशी ठेवून ते रिक्षात बसले आणि मायलेकींबरोबर मुंबईला गेले. बाराच्या आत पोहोचले, असं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

त्यानंतर सर मला ओरडले नाहीत. तक्रार केली नाही. खिडकीशी यायचे, कागद द्यायचे, कागद न्यायचे, नमस्कार-चमत्कार सगळं होतं. फक्त माझं कोपर बाहेर असलं तरी काही म्हणत नसत. मी मुद्दाम बाहेर काढून शिक्के मारले, त्यांच्या डोळ्यांसमोर. वाकडेतिकडे पडले. ते गप्प. हसू नका, पण मला एकदा घरी भाजी चिरताना त्यावरून रडू आलं.

त्या वर्षीही सरांनी टीम उभी केली. चार मुली होत्या, पाचवी त्यांनी लायब्ररीतून उचलून आणली. तिने आयुष्यात चेंडू हातात धरला नव्हता, पण ती मन लावून इकडून तिकडे पळायची. नवी जाळी जिमखान्यातच राहिली, रिंगेवर जुनीच. आणि पहिल्या फेरीत आमच्याच कोर्टावर समोर कोण आलं, तर तेच मुंबईचं कॉलेज.

मी जेवणाची सुट्टी लांबवून बघायला गेले. कळव्याची मुलगी त्यांच्या निळ्या कपड्यांत उभी होती. सरांना बघून ती वाकून पाया पडली, तिच्या टीमच्या बाकीच्या बघत राहिल्या. सामना सुरू झाला. तिचे पहिले दोन चेंडू रिंगेवर आपटून बाहेर गेले. आमच्या बाजूला टाळ्या. तेवढ्यात आमच्याच बाकावरून आवाज आला, "कोपर आत गो, बाय."

तिसरा चेंडू जाळीतून सरळ खाली आला. मग चौथा, पाचवा. सर प्रत्येक वेळी काहीतरी सांगत होते आणि ती प्रत्येक वेळी ऐकत होती. शेवटी पंच त्यांच्यापाशी आले आणि अदबीने म्हणाले की सर, तुमची टीम लाल कपड्यांतली आहे. सर म्हणाले, "ठाऊक हाय मला." आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. आमच्या बारा गुणांपैकी दोन त्या लायब्ररीतल्या मुलीचे होते. त्यांचे किती झाले ते मी मोजायचं सोडून दिलं.

सामना संपल्यावर सर प्रथमोपचाराची पेटी परत करायला खिडकीशी आले. मी शिक्के मारत होते. पेटी ठेवली, वळले, दोन पावलं गेले आणि परत आले.

"कोपर आत, मॅडम."

मी मान वर केली नाही. करता येण्यासारखी नव्हती. पण आत घेतलं.

पुढच्या वर्षी पार्किंग झालं. दोन्ही खांब कापले, सिमेंटवर पिवळ्या पट्ट्या मारल्या. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं सरांनी कॅरमच्या आणि बुद्धिबळाच्या स्पर्धा घेतल्या. कॅरमवाल्यांना कोपराबद्दल काय सांगत असतील ते तुम्हीच ताडा. शेवटच्या दिवशी ते एक पिशवी घेऊन आले. आत ती नवी जाळी, एक गाठ अजून मोकळी.

"घरी न्या. कांदे ठेवायला बरी," ते म्हणाले. मी गाठीकडे बघितलं. "ती ऱ्हाऊ द्या तशीच," एवढंच म्हणाले.

माझ्या डोंबिवलीच्या घरी गॅलरीत ती जाळी, खालचं तोंड सुतळीने बांधून, टांगलेली आहे. मोकळ्या गाठीतून रोज एखादा कांदा खाली पडायचा. नवरा म्हणायचा, दोऱ्याने आवळून टाक. मी ऑफिसातून आले की आधी कांदा उचलायचा, मग चप्पल काढायची, अशी सवयच लागली.

सर गेल्या वर्षी गेले. झोपेतच. मी तेराव्याला कोळीवाड्यात गेले, तिथे ती कळव्याची मुलगी भेटली. आता सरकारी नोकरीत आहे, खेळाडू म्हणूनच लागली, अजूनही खेळते. दारातून आत येताना तिला वाकावं लागलं. जेवणं उरकत आली तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि सरांबद्दल बोलायला लागली. म्हणाली, "मॅडम, त्या शनिवारी रिक्षात सर आईला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, दाखला मीच अडवलेला. सही केली, पण ऑफिसला सांगितलं नाय द्यायचा. मन होत नव्हतं सोडायचं, माफ कर बाय. आई सगळा रस्ता रडत होती."

मी ताटातल्या लाडवाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांनी मला फार तर माफ केलं असेल. माझ्या वाटणीचा वाईटपणा त्यांनी त्याच सकाळी, रिक्षा माजिवड्याच्या पुलावर चढायच्या आतच, स्वतःकडे घेऊन टाकला होता. कोपराचं बोलणं बंद झालं तेही, मला आता वाटतं, त्यांना माझा राग आला म्हणून नव्हतं. मी त्यांच्या मनातलं बरोबर वाचलं होतं, आणि ते त्यांना सोसत नव्हतं.

मी तिला सांगून टाकलं. दाखला मी अडवला होता, माझ्या डब्याखाली ठेवला होता, आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता. सांगताना आवाज फुटला. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या.

तिने माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी जावं असं तुम्हालापण वाटत नव्हतं."

"नव्हतं वाटत," मी म्हटलं.

"बरं वाटलं ऐकून."

पुढच्या रविवारी ती माझ्या घरी आली. मी जाळीतले कांदे पातेल्यात काढून ठेवले होते. तिने जाळी मांडीवर घेतली, मोकळा दोरा बोटावर गुंडाळला. सर शिकवणार होते ती गाठ तिला कधी शिकवायची राहूनच गेली होती, म्हणून कोळीवाड्यात जाऊन सरांच्या धाकट्या भावाकडून शिकून आली होती. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा डावं कोपर अंगाशी आलं आणि गाठ बसली. मी म्हटलं, ही आता तू घेऊन जा, तुझीच आहे. तर म्हणाली की सरांनी कांद्यांसाठी दिलीय ना, कांद्यांनाच राहू दे. आणि जाळी परत टांगून पातेल्यातले कांदे तिनेच भरले, एकेक करून, स्टूल न घेता.

तेव्हापासून एकही कांदा पडलेला नाही. संध्याकाळी घरी आले की मी तरीही आधी गॅलरीतल्या फरशीकडेच बघते.