न उलटलेलं कार्ड

नॉर्थ डकोटातल्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश एमेट हाल्डरसन सत्त्याऐंशीचे झाले तरी खुर्ची सोडत नव्हते. नेमणूक मरेपर्यंतची, जा म्हणणार कोण? धान्यकोठारावर पोती वाहणाऱ्या बापाचा हा मुलगा पडेल ते काम करत कायदा शिकला, चव्वेचाळिसाव्या वर्षी न्यायाधीश झाला. बायको गेल्यावर मात्र कोर्ट हेच त्यांचं घर उरलं.

गेली दोन वर्षं ते विसरत होते. ठाऊक होतं एकट्या आर्लीनला. एकतीस वर्षं त्यांच्या कोर्टाचं कामकाज सांभाळणारी ही बाई प्रत्येक आरोपीच्या नावाचं निळं कार्ड त्यांच्यापुढे ठेवी आणि शिक्षा सुनावली की ते उलटं करी. कार्ड सुलटं म्हणजे काम बाकी. याला माया म्हणा, लबाडी म्हणा, दोन्ही होतं.

त्या मंगळवारी कर्टिस बोहनर उभा होता. एकदा तुरुंग भोगून आलेल्याला बंदूक बाळगायची बंदी, तरी त्याच्या घरात सापडली. वकिलाने लिहून दिलेलं त्याने अडखळत वाचलं. नऊ वर्षं. एवढं सुनावून साहेब दहा मिनिटं आत गेले. तेवढ्यात फोन वाजला आणि आर्लीन कार्ड उलटायला विसरली.

साहेब परतले, सुलटं कार्ड पाहिलं. बोहनर कागदांवर सह्या करायला अजून तिथेच होता.

"मिस्टर बोहनर, शिक्षेआधी काही सांगायचंय?"

वकिलाने बोहनरला कोपर मारलं. "बोल लेका!"

आता हातात कागद नव्हता. "काय सांगू, साहेब? बापाची बंदूक होती. त्याची तेवढीच एक वस्तू राहिलेली. टाकवेना. चुकलंच माझं."

साहेब पुढे वाकून ऐकत होते. "चार वर्षं."

मागच्या बाकावर त्याची आई रडता रडता हसली.

साहेबांच्या मागोमाग खोलीत जाऊन आर्लीनने सगळं सांगून टाकलं, दोन वर्षांच्या कार्डांसकट.

"आधी किती म्हणालो होतो?"

"नऊ."

"मग नऊच. एकदा दिलेली शिक्षा अशी मनात आलं म्हणून मलाही बदलता येत नाही." ते मटकन बसले. "पण पहिल्यांदा मी त्याचं ऐकलंच नव्हतं गं. असे किती झाले असतील?"

आर्लीनला रडू फुटलं.

"राजीनामा संध्याकाळी टाइप कर. आधी हे मलाच त्याच्या तोंडावर सांगू दे." त्यांनी कोरं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "लिही, बोहनर, नऊ वर्षं. दारापर्यंत जाईस्तोवर विसरेन मी."

तिने लिहिलं. बाहेर बोहनरची आई वकिलाचे दोन्ही हात धरून अजून आभार मानत होती.