कंसातली वाक्यं

आठवीत इंग्रजीच्या तासाला मला मिळालेलं काम आठवलं की अजूनही कानशिलं तापतात. आमच्या पुस्तकात एक छोटं नाटक होतं, कोंबडीचोराच्या खटल्याचं. न्यायाधीश, चोर, कोंबडीची मालकीण, शिपाई, सगळ्यांना बोलायला भरपूर. मिसनी भूमिका वाटल्या आणि मला काय दिलं? कंस! नाटकात कंसात लिहिलेलं असतं ना, शिपाई आत येतो, न्यायाधीश बसतो, तेवढंच मी वाचायचं. मी वाचलं की ज्याचं त्यानं उठून तसं करायचं, हा मिसचा नियम.

सातवीपर्यंत मी कन्नड शाळेत होते. घरात मराठी, बाहेर कन्नड, झकास चाललं होतं. आठवीला इंग्रजी शाळेत घातलं आणि माझी वाचाच बसली. हो, माझी! जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून आई कपाळाला हात लावायची, तिची. वाक्य मनात मराठीत उठायचं, कन्नडमधून वळसा घालून इंग्रजीपर्यंत यायचं, तोवर तास संपल्याची घंटा व्हायची.

न्यायाधीश होता पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा. आईवडील दोघं आयटीत, इंग्रजी फाडफाड. मी जरा सरक म्हणायला "स्वल्प सरक" म्हटलं की हा दात काढणार. "अगं, हे कुठलं मराठी?"

"आमचं! पिढ्यान् पिढ्या इथं बोलतोय. तू काल आलास आणि मला शिकवतोस होय?"

मराठीत त्याला गप्प करायला मला वेळ लागत नसे. इंग्रजीत मात्र तोच राजा होता.

मला न्यायाधीश व्हायचं होतं. टेबलावर दणकन हात आपटून "ऑर्डर, ऑर्डर" म्हणायचं होतं. पुढच्या महिन्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्यापुढे आम्ही हेच नाटक करणार होतो आणि त्यासाठी भूमिका मिस नव्यानं ठरवणार होत्या. मी धीर करून न्यायाधीश मागितला. मला नीट कळावं म्हणून मिस कन्नडमध्ये म्हणाल्या, "पुस्तकातलं तू चांगलं वाचतेस. पण तुझं स्वतःचं एक तरी इंग्रजी वाक्य मी ऐकलंय का? ते ऐकव, मग बघू."

तीन दिवस मी वाक्य शोधत होते. चौथ्या दिवशी नाटकाच्या रोजच्या सरावात वाचताना एका शब्दाला अडखळले आणि न्यायाधीशमहाराज फिस्सकन हसले. झालं! माझं डोकंच फिरलं. पुढचा कंस होता, न्यायाधीश खाली बसतो. मी वाचलं, "द जज सिट्स डाउन." आणि त्याच दमात, पुस्तकात नसलेलं, "द चेअर इज ब्रोकन. ही फॉल्स."

पठ्ठ्या पडला की खरंच! त्याला वाटलं, लिहिलंच असेल. वर्ग हसून लोटपोट. मिस वह्या तपासत होत्या. "सायलेन्स" म्हणाल्या, पण मान काही वर केली नाही.

मग मला चटकच लागली. रोज एखादं वाक्य तयार करून न्यायचं आणि कंसात घुसडायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकपेटेच्या बाजारात साडीच्या दुकानात कामाला होते. शनिवारी शाळा सुटली की मी तिकडे जायचे. त्यांचं इंग्रजी गिऱ्हाइकापुरतं, पण माझं वाक्य आधी त्यांनी करून दाखवायचं. शिपाई कोंबडीला घेऊन नाचतो, हे वाक्य मी अर्थ सांगून वाचलं, तर अण्णांनी घडी घातलेली एक जरीची साडी काखेत मारली आणि दोन पावलं नाचले.

"सरी का? जमलं?" मग लगेच हळू आवाजात, "बस आता, मालक बघतोय."

वर्गात शिपायाने त्याहून जोरात नाचून घेतलं. पुण्याच्या मुलानं एव्हाना पुस्तक तपासून माझी चोरी पकडली होती. मला वाटलं, आता चहाडी करणार. तो कानाशी येऊन म्हणाला, "उद्या मला काय करायचंय?"

शेवटी भूमिका ठरवायचा शुक्रवार आला. न्यायाधीश, मिसनी वाचलं, आणि पुन्हा त्याचंच नाव घेतलं. कंस, पुन्हा माझं. इतके दिवस मी जीव तोडून वाक्यं केली आणि या बाईंच्या कानावर एकही गेलं नव्हतं! मी ताडकन उभी राहिले.

"मिस, यू डोन्ट लिसन! आय मेड नाइन सेंटेन्सेस! माय ओन! नाइन!"

मिसनी हजेरीचं पुस्तक ओढलं, शेवटचं पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं. पेन्सिलीनं एकाखाली एक, माझी सगळी वाक्यं, चुकांसकट. पहिलंच होतं, द चेअर इज ब्रोकन.

"इलेव्हन," मिस म्हणाल्या. "दोन तूच विसरलीस." आणि खाली लिहिलं, यू डोन्ट लिसन.

मला रडूच कोसळलं. रडता रडता हसूही येत होतं, सगळं तोंड ओलं. मिस म्हणाल्या, "न्यायाधीश हवा असेल तर घे. त्याचं बोलणं सगळं छापलेलं आहे, कोणीही वाचेल. कंस मला तुझ्याकडे हवेत. तू सांग." मी नाक पुसलं आणि कंस घेतले.

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून बसले, एकदाही हसले नाहीत. मी निमूटपणे छापलेलं वाचत गेले. शेवटचा कंस होता, सगळे निघून जातात. तो वाचला आणि मला राहवलं नाही.

"द ऑफिसर लाफ्स."

साहेबांनी पान उलटलं, परत उलटलं. सापडेना. तेवढ्यात आमचा न्यायाधीश अदबीनं म्हणाला, "सर, इट इज द रूल."

साहेब जे हसायला लागले ते चष्मा काढूनच थांबले. पण मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी मिसकडे बघत होते. त्यांनी हजेरीचं पुस्तक पुढे ओढलं, शेवटचं पान उघडलं आणि त्या पेन्सिल शोधायला लागल्या.